जुनी जपानी ‘झेड’ : इंजिन टिकले, पत्रा गेला

गॅरेजात गिऱ्हाईक आले की ते आधी इंजिनवाल्या मिस्त्रीला शोधते. आवाज त्याला ऐकवते, सल्ला त्याचा घेते, चहाही त्यालाच पाजते. पत्र्याचा कारागीर, म्हणजे आपला डेंटर, मागच्या बाजूला हातोडी घेऊन बसलेला असतो. गाडी ठोकली तरच त्याची आठवण होते, आणि तेव्हाही पहिला प्रश्न असतो, ‘किती कमी कराल?’ आज ज्या धंद्याविषयी लिहायचे आहे त्यात ही उतरंड नेमकी उलटी आहे. धंदा जपान आणि अमेरिकेतला आहे, गाडीही तिकडचीच आहे. परंतु ज्यांच्या हातात पत्र्याचा हुन्नर आहे अशा आपल्या बांधवांनी तो नीट समजून घ्यावा असे वाटते.

गाडीचे नाव डॅटसन २४०-झेड. निसान कंपनीने ती ऑक्टोबर १९६९ मध्ये जपानमध्ये लोकांपुढे आणली. तिथे तिचे नाव ‘फेअरलेडी झेड’. परदेशात निसानच्या गाड्या त्या काळी ‘डॅटसन’ या नावाने विकल्या जात. अमेरिकेतील कारभाराचे प्रमुख होते युताका काटायामा. त्यांना ‘फेअरलेडी’ हे नाव अजिबात पसंत नव्हते. अमेरिकन तरुण असल्या नावाची स्पोर्ट्स गाडी घेणार नाही, असे त्यांचे मत होते. त्यांनी ती नावपट्टी काढून ‘२४०-झेड’ अशी पट्टी लावायला लावली. गिऱ्हाइकाची नाडी ओळखणारा माणूस. (हे काटायामा १०५ वर्षे जगले. २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.)

अमेरिकेत सुरुवातीला गाडीची किंमत होती ३,५२६ डॉलर. तशाच तोडीच्या जग्वार किंवा पोर्शे गाडीला याहून बरेच जास्त पैसे मोजावे लागत. त्या मानाने माल चोख होता. एका रांगेत सहा सिलिंडर, २,३९३ सी.सी.चे इंजिन, दोन कार्बोरेटर, पुढे डिस्क ब्रेक, चारही चाकांना स्वतंत्र सस्पेन्शन, आणि वजन एक हजार किलोच्या थोडेसेच वर. पहिल्या पिढीच्या या गाड्या १९७८ पर्यंत निघत राहिल्या. मधल्या काळात इंजिन २.६ आणि मग २.८ लिटरचे झाले. सगळ्या मिळून पाच लाखांहून जास्त गाड्या जगभर विकल्या गेल्या.

गाडी नुसती देखणी नव्हती. पूर्व आफ्रिकेतील सफारी रॅली ही चिखल, खड्डे आणि धूळ यांची शर्यत. ती या गाडीने १९७१ आणि १९७३ अशी दोनदा जिंकली. १९७३ चा विजेता शेखर मेहता युगांडात जन्मलेला, भारतीय वंशाचा. पुढे त्याने ही शर्यत आणखी चार वेळा, म्हणजे एकूण पाच वेळा जिंकली. अमेरिकेतही पीटर ब्रॉक यांच्या चमूने जॉन मॉर्टन या चालकाला घेऊन १९७० आणि १९७१ मध्ये आपल्या वर्गाचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवले.

इतके सांगण्याचे कारण असे, की या गाडीच्या इंजिनाविषयी कोणाची तक्रार नाही. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे, क्रँक सात बेअरिंगांवर बसवलेला. तेल वेळेवर बदलले तर ते लाखो किलोमीटर चालते. तरीही पाच लाख गाड्यांपैकी धडधाकट अशा आज थोड्याच उरल्या आहेत. इंजिन चालू आहे आणि भोवतालची गाडी झडून गेली आहे, असे दृश्य या गाडीच्या बाबतीत नेहमीचे आहे.

गंज कुठून शिरतो?

त्या काळी जपानी कारखान्यांत पत्रा गंजापासून वाचवण्याचे काम आजच्या मानाने फारच कच्चे होते. पत्रा एक मिलिमीटरहूनही पातळ. अमेरिकेच्या थंड राज्यांत हिवाळ्यात रस्त्यावरचे बर्फ वितळावे म्हणून मीठ टाकतात. ते मीठ चाकांबरोबर उडून गाडीच्या पोटात बसते. समुद्रकाठच्या आपल्या कोकणी वाचकांना खारी हवा लोखंडाचे काय करते हे वेगळे सांगायला नको. तिकडे ते मीठ माणूस स्वतःच्या हाताने रस्त्यावर पसरतो, इतकाच फरक.

परंतु सगळा दोष मिठाचा नाही. गाडीच्या बांधणीतच पाणी साचण्याच्या जागा आहेत. जाणकार कारागीर गाडी बघायला गेला की बॉनेट उघडून आधी इंजिनाकडे बघत नाही, बॅटरीखालचा पत्रा बघतो. बॅटरीतले ॲसिड वर्षानुवर्षे तिथे ठिबकलेले असते. तिथला पत्रा खाल्ला की पाणी सरळ आतल्या फ्लोअरवर येते. मग तो पुढच्या काचेखालच्या जाळीत हात घालतो. वायपरच्या त्या पन्हाळीत झाडाची पाने आणि माती अडकते, पाणी वाहून नेणारी वाट बुजते, आणि तुंबलेले पाणी पुढच्या मडगार्डच्या मागच्या पोकळीत उतरते. तिथून ते दरवाज्याखालच्या बंद पेटीत जाते. वरून रंग चकाकत असतो आणि पेटी आतून कुजत असते.

मागच्या चाकाच्या अगदी पुढचा, दरवाज्याच्या खालच्या कोपऱ्याजवळचा भाग, मागच्या चाकाची कमान, डिकीतला जादा चाकाचा खड्डा, मागच्या काचेखालची डिकीच्या झाकणाची कड, या बाकीच्या जागा. यातली प्रत्येक जागा दोन पत्रे एकावर एक जोडलेली आहे, आणि मधल्या फटीत रंगाचा हात कधीच पोहोचलेला नाही.

सर्वांत महत्त्वाची जागा मात्र गाडी खालून उचलल्याशिवाय दिसत नाही. या गाडीला वेगळी चेसिस नाही. बॉडी हीच चेसिस. फ्लोअरखाली पुढून मागे जाणारे दोन पोकळ चॅनल आहेत आणि तेच तिचा कणा. हे चॅनल पातळ पत्र्याचे आहेत आणि २४०-झेडमध्ये ते सीटच्या आसपास येऊन संपतात. पन्नास वर्षांत किती तरी मिस्त्रींनी चुकीच्या जागी जॅक लावून ते चेपवलेले असतात. चेपलेल्या चॅनलमध्ये पाणी राहते आणि आतून गंज चढतो. असे चॅनल घेऊन ही गाडी ताशी शंभर-सव्वाशेने पळवणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. येथे प्रश्न दिसण्याचा नाही, आत बसणाऱ्या माणसाचा आहे.

लोहचुंबक हे या पाहणीतले सगळ्यात स्वस्त हत्यार. एक छोटा चुंबक रुमालात गुंडाळून पत्र्यावरून फिरवायचा. जिथे तो धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. कित्येक ‘नव्यासारख्या’ झेड गाड्यांच्या मागच्या कमानी निव्वळ लांबीच्या निघाल्या आहेत.

हात कसा चालतो

फ्लोअरवर आवाज दाबण्यासाठी डांबरासारखे जाड थर चिकटवलेले असतात. ते छिन्नीने काढायला गेले तर पत्रा फाटतो, गॅसने तापवले तर चिकट राड होते. तिकडच्या कारागिरांनी यावर सुंदर युक्ती काढली आहे. कोरडा बर्फ, म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, त्या थरावर पसरायचा. काही मिनिटांत डांबर काचेसारखे ठिसूळ होते. मग हलक्या हातोडीने टकटक केले की तुकडे आपोआप सुटतात. मात्र हातात जाड हातमोजे हवेत आणि दारे-खिडक्या सताड उघड्या हव्यात. बंद खोलीत तो वायू साचला तर माणूस गुदमरतो.

थर निघाला की खरे चित्र दिसते. येथे अननुभवी माणूस घाई करतो आणि ग्राइंडर घेऊन सडलेला पत्रा कापू लागतो. बॉडी हीच चेसिस असल्यामुळे फ्लोअर किंवा दरवाज्याखालची पेटी कापली की गाडी मधूनच खचते. नवा पत्रा त्याच खचलेल्या स्थितीत जोडला तर दरवाजा जन्मभर नीट लागत नाही. म्हणून कापण्याआधी गाडी सपाट जागी नीट टेकवायची, दरवाज्याच्या चौकटीत आडवे-तिरपे पाइप वेल्ड करून ती जखडायची आणि दरवाज्याच्या चारही बाजूंच्या फटी मोजून लिहून ठेवायच्या. दोन्ही बाजूंची पेटी एकदम कापायची नाही. एक बाजू पूर्ण झाल्यावरच दुसरी. प्रत्येक टप्प्याला दरवाजा लावून बघायचा.

पातळ पत्र्याला सलग झाळ चालत नाही. उष्णतेने पत्रा वाकतो आणि त्याला पोक येते. म्हणून मिग वेल्डिंगने बारीक तार वापरून एक टाका इथे, दुसरा हातभर अंतरावर, मग पहिला थंड झाल्यावर त्याच्या शेजारी, असे टाके मारत जायचे. कारखान्यात जिथे स्पॉट वेल्डिंग होते तिथे वरच्या पत्र्याला भोके पाडून ती भरून घेतात. घासल्यावर जोड मूळच्यासारखा दिसतो. दोन पत्र्यांच्या मध्ये जस्ताचा प्रायमर लावतात, तो वेल्डिंगचा ताप बऱ्यापैकी सोसतो. शेवटी सर्व बंद पोकळ्यांत लांब नळीने मेणासारखे तेलकट द्रव्य फवारतात. हे काम गिऱ्हाइकाला कधीच दिसत नाही. जो कारागीर ते करतो त्याची गाडी वीस वर्षे टिकते आणि जो करत नाही त्याची पाच वर्षांत परत येते. तोपर्यंत पैसे मिळालेले असतात, ही गोष्ट निराळी.

पत्रा झाल्यावर इतरांचे काम सुरू होते. उन्हाने डॅशबोर्डला तडे जाणे हा या गाडीचा ठरलेला रोग. सगळी रबरे वाळलेली असतात. मागच्या डिकीचे रबर गेले की सायलेन्सरचा धूर सरळ गाडीच्या आत येतो. ही तक्रार इतकी जुनी आहे की कित्येक मालक तो गाडीचा स्वभावच समजत आले. रबरवाला, कुशनवाला, वायरमन, प्लेटिंगवाला अशा सगळ्यांना या एका गाडीत काम आहे. अमेरिकेत आणि जपानमध्ये लहान लहान कारखाने आज या गाडीचे फ्लोअर, चॅनल, पेट्या, रबरे आणि डॅशबोर्ड नव्याने बनवून विकतात. काहींनी फ्लोअरखालचे चॅनल मूळच्यापेक्षा जाड आणि मागपर्यंत लांब बनवले आहेत.

खुद्द कंपनीचा अनुभव

निसानच्या अमेरिकी शाखेने १९९७-९८ च्या सुमारास एक योजना काढली. जुन्या २४०-झेड विकत घ्यायच्या, निवडक कारखान्यांकडून त्या पूर्ण खोलून नव्यासारख्या करायच्या आणि आपल्याच विक्रेत्यांकडे सुमारे २५ हजार डॉलरला विकायच्या. मूळ किमतीच्या सातपट रक्कम ती. मागे कंपनीचे नाव, सुटे भाग कंपनीचे, गिऱ्हाईकही तयार होते. तरी ठरवलेला आकडा गाठता आला नाही. पन्नास गाड्याही पुऱ्या न होता योजना बंद पडली. माझ्या मते याचे कारण वर आलेच आहे. इंजिन खोलून बांधायला किती तास लागतील हे आधी सांगता येते. गंजाच्या कामाचे तसे नाही, रंग खरवडेपर्यंत किती पत्रा सडला आहे ते कोणालाच सांगता येत नाही. अशा कामाचा एकठोक भाव आधी ठरवला की नुकसान ठरलेले. आपल्याकडच्या डेंटरने हे वाक्य पुन्हा वाचावे. गाडी खोलण्याचे आणि खरवडण्याचे पैसे वेगळे, आणि पत्र्याचा भाव त्यानंतर, हीच तिकडच्या चांगल्या कारखान्यांची रीत आहे.

आता दुसरी बाजू. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेत एका लिलावात १९७१ सालची हिरवी २४०-झेड ३ लाख १० हजार डॉलरला गेली. ती गाडी फक्त एकवीस हजार मैलांच्या आसपास चाललेली होती आणि तिचा पत्रा, रंग, आतले सामान बव्हंशी कारखान्यातून आले तसेच होते. इतका भाव सर्व झेड गाड्यांना मिळतो असे कोणी समजू नये. तो अपवाद होता. परंतु बाजार कशाचे पैसे देतो ते त्यावरून उघड होते. त्या गाडीचे इंजिन इतर झेडपेक्षा जोरदार मुळीच नव्हते. न सडलेल्या, न कापलेल्या पत्र्याचे ते पैसे होते.

इंजिनवाल्यांसाठी थोडे

मिस्त्रींनी रागावू नये, त्यांच्यासाठीही येथे काम आहे, पण ते सरळ आहे. दोन कार्बोरेटर सारखीच हवा ओढतात की नाही हे बघायला रबरी नळीचा एक तुकडा पुरतो. एक टोक कानाशी, दुसरे कार्बोरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. कार्बोरेटरच्या वरच्या नळीतले थोडेसे तेल बहुधा कोणी पाहिलेलेच नसते, ते भरले की निम्म्या तक्रारी जातात. गरम इंजिनात व्हॉल्व्हची फट आत घेणाऱ्याला ०.२५ मिलिमीटर आणि बाहेर टाकणाऱ्याला ०.३०. १९७३ च्या मॉडेलवर धूर कमी करण्यासाठी चपट्या डोक्याचे कार्बोरेटर बसवले होते. ते गरम झाले की गाडी अडखळे. मालकांनी ते काढून आधीच्या सालचे गोल डोक्याचे कार्बोरेटर बसवले. पेट्रोलच्या जुन्या नळ्या मात्र सर्व बदलाव्यात. इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुने रबर खाते.

फेरफार कोणता करावा?

या गाडीचा खरा शौक फेरफाराचा आहे, आणि वादही तिथेच आहे. सत्तरीच्या दशकात अमेरिकेत ही गाडी स्वस्त होती. लोकांनी तिच्यात अमेरिकन आठ सिलिंडरची मोठी इंजिने बसवली. त्यासाठी पत्रा कापला, इंजिनाचे धरबंद बदलले, मूळ इंजिन भंगारात दिले. तेव्हा त्यात काही वावगे वाटले नाही. आज त्यातल्या पुष्कळ गाड्यांचे मालक मूळ इंजिन शोधत फिरतात, कारण बॉडीवरचा नंबर आणि इंजिनावरचा नंबर कागदाशी जुळला तर भाव वेगळा आणि नाही जुळला तर वेगळा.

जपानी कारागिरांची एक करामत मात्र कौतुकाची आहे. निसानचे २.८ लिटरचे पेट्रोल इंजिन आणि त्याच घराण्यातले २.८ लिटरचे डिझेल इंजिन, दोन्हींचे ब्लॉक जवळचे नातेवाईक. पेट्रोल इंजिनात पिस्टनची धाव ७९ मिलिमीटर, डिझेलच्या क्रँकची ८३. कोणीतरी भंगारातला डिझेलचा क्रँक उचलला, पेट्रोल इंजिनात बसवला, सिलिंडर ८६ वरून ८९ मिलिमीटरपर्यंत बोर केले, आणि इंजिन झाले ३.१ लिटरचे. हिशेब करून पाहा, ३,०९८ सी.सी. भरते. डिझेलचा क्रँक मजबूत असतोच. बाहेरून इंजिन जसेच्या तसे दिसते आणि ताकद मात्र कितीतरी वाढते. टर्नर, फिटर आणि डोके या तिघांचे हे काम.

ब्रेकचेही असेच. जुन्या टोयोटा पिकअपचे चार पिस्टनचे कॅलिपर या गाडीच्या पुढच्या चाकांना थेट बोल्टने बसतात. एका कंपनीचा माल दुसऱ्या कंपनीच्या गाडीला कोणी कारखान्याने सांगितलेला नाही, कारागिरांनी मोजून शोधून काढला. नंतरच्या २८०-झेडएक्सचा पाच गिअरचा बॉक्स चार गिअरच्या जागी बसतो. हेडलाइटचा सगळा करंट स्विचमधून जातो म्हणून स्विच आणि फ्यूजबॉक्स वितळतात, तिथे मध्ये रिले टाकला की धोका टळतो. या सर्व फेरफारांत एक गोष्ट समान आहे. पाना घेऊन बसले तर एका दिवसात गाडी मूळ रूपात येते. एकही पत्रा कापलेला नाही. काढलेला जुना भाग तेल लावून, कापडात गुंडाळून, चिठ्ठी बांधून मालकाच्या हवाली करतात. असा फेरफार गाडीची किंमत सहसा घटवत नाही.

जपानमध्ये गाडीची दर दोन वर्षांनी कडक सरकारी तपासणी होते, तिला ‘शाकेन’ म्हणतात. जुन्या गाडीला वर जादा कर. १९९५ मध्ये तिथल्या सरकारने फेरफाराचे नियम बरेच सैल केले आणि बोल्टने बसणाऱ्या अनेक भागांना मोकळीक मिळाली. पण शाकेनला गाडी उभी राहायलाच हवी, त्यामुळे तिथला कारागीर मनास येईल तसा कापत सुटत नाही.

कागद हाही माल आहे

वापरलेल्या जपानी गाड्या परदेशी पाठवण्याच्या धंद्यात जपानमध्ये स्थायिक झालेल्या पाकिस्तानी व्यापाऱ्यांचा मोठा वाटा आहे, हे अनेकांना माहीत नसते. १९८० नंतर नोकरीसाठी गेलेली माणसे या धंद्यात शिरली आणि टिकली. तोयामा या समुद्रकाठच्या प्रांतातून रशियाला गाड्या पाठवण्याच्या निमित्ताने त्यांची वस्तीच तिथे झाली. हजारो मैलांवरचे गिऱ्हाईक गाडी न बघता पैसे पाठवते ते कशाच्या भरवशावर? लिलावाच्या एका कागदाच्या.

जपानी लिलावात प्रत्येक गाडीबरोबर तपासनिसाने भरलेला तक्ता असतो. त्यात गाडीचे चित्र आणि चित्रावर खुणा. ओरखड्याला एक अक्षर, पोचेला दुसरे, गंजाला तिसरे, आणि पूर्वी दुरुस्त केलेल्या पत्र्याला निराळेच. अपघातातून दुरुस्त झालेल्या गाडीचा शेराही स्वतंत्र. ऐब लपवलेला नाही म्हणून बोली लावणारा निर्धास्त असतो.

जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या कामात तर याचे महत्त्व आणखी. तिकडचा चांगला कारखाना गाडी येताच तिचे फोटो काढतो. गंजाची भोके, कापलेला पत्रा, आतला प्रायमर, प्रत्येक टप्प्याचा फोटो आणि तारीख फाइलला लावतो. काम संपल्यावर फाइल मालकाची. वीस वर्षांनी गाडी विकताना ती फाइल पत्र्याच्या आतले दाखवते, कारण तेव्हा पेटी उघडून बघता येत नाही. मोठ्या कंपन्याही आता याच वाटेने आल्या आहेत. होंडाने आपल्या एनएसएक्स या ॲल्युमिनियमच्या गाडीची १९९३ पासूनच कारखान्यात पुनर्बांधणी सुरू केली. माझदाने २०१८ पासून १९८९ च्या पहिल्या रोडस्टरचे काम हाती घेतले, बंद झालेले भाग पुन्हा बनवले आणि आपल्या कामावर टीयूव्ही राइनलँड या जर्मन तपासणी संस्थेचा दाखला घेतला. निसानने २०१७ च्या अखेरीस जुन्या स्कायलाइन जीटी-आरचे भाग पुन्हा काढायला सुरुवात केली. अमेरिकेत पंचवीस वर्षे झालेली परदेशी गाडी सुरक्षा नियमांच्या अटींतून सुटते, त्यामुळे या स्कायलाइनला तिकडून मागणी वाढत गेली होती.

आपल्याकडे

अशा गाड्या आपल्या रस्त्यावर जवळपास नाहीत. परंतु कोकणातल्या अनेक घरांतली माणसे आखातातल्या गॅरेजांत काम करून आली आहेत. जपानी गाड्या त्यांच्या हाताखालून गेल्या आहेत. पत्र्याचे जे काम वर सांगितले ते जुन्या फियाटला, अँबेसेडरला किंवा मारुती ८०० ला तितकेच लागू आहे. हौसेने जुनी गाडी नीट करून घेणारे गिऱ्हाईक मुंबई-पुण्यात आज आहे आणि ते घाईत नसते.

फेरफाराच्या बाबतीत मात्र सावध राहावे. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना स्पष्ट केले, की नोंदणीच्या कागदावर नमूद असलेला कंपनीचा मूळ तपशील बदलेल असा फेरफार मालकाला करता येत नाही. दुसरे इंजिन बसवण्याचे काम घेण्याआधी आर.टी.ओ.ची लेखी परवानगी गिऱ्हाइकाने आणली आहे का ते पाहावे, नाहीतर गाडी अडकते आणि मजुरीही.

जुलै २०२१ पासून पन्नास वर्षांहून जुन्या खासगी दुचाकी व चारचाकी गाड्यांना ‘विंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी मिळू लागली. नियमात ठरवलेली फी वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नूतनीकरण पाच हजारांत, नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरे. ती गाडी धंद्यासाठी वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. नोंदणीची अट अशी आहे की गाडी मूळ रूपात सांभाळलेली असावी आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.